शिक्षकाचे शिकणे : श्रवण, चिंतन आणि आचरण

१

शिक्षक हा शिकवणारा असतो, हे सर्वांना मान्य आहे. तो शिकणाराही असला पाहिजे, हे मात्र भाषणात मान्य आणि व्यवहारात अमान्य असते. पदविका हाती पडली, जिल्हा परिषदेची नेमणूक मिळाली, की शिक्षकाचे शिकणे संपले असे समाज धरून चालतो. आणि बहुतेक वेळा शिक्षकही तसेच धरून चालतो. मग वर्षातून काही दिवस प्रशिक्षणाचा आदेश येतो. केंद्रावर जायचे, हजेरीवर सही करायची, साधनव्यक्तीचे बोलणे ऐकायचे, दुपारी जेवायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. तासांची ही मोजणी ठीक आहे. पण ५० तास ऐकलेला शिक्षक एक्कावन्नाव्या तासाला वर्गात काय वेगळे करतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, कपाटात पुस्तके आहेत, शिकवणीला पैसे आहेत, त्या घरचे मूल वाईट शिक्षकाच्या हातूनही तरून जाते. शाळेने न दिलेले त्याला घर देते. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात लोणी-धामणीच्या कोरडवाहू पट्ट्यात, पाऊस हुलकावणी देतो तिथे, मजुरीवर जगणाऱ्या वस्तीतल्या मुलाला अशी दुसरी संधी नसते. पुस्तकाकडे जाणारी त्याची वाट एकाच माणसाच्या हातात असते. तो माणूस दहा वर्षांपूर्वी शिकलेल्यावरच गुजराण करीत असेल, तर त्या मुलाचे नुकसान भरून काढणारे कोणी नाही. म्हणून शिक्षकाचे ऐकणे आणि वाचणे हा त्याचा खाजगी छंद राहत नाही. ती सामाजिक जबाबदारी ठरते.

व्याख्यान आणि पुस्तक ही दोन साधने आपल्या चळवळीला नवी नाहीत. किंबहुना चळवळ ह्या दोहोंवरच उभी राहिली. तेव्हा चांगल्या शिक्षकाने ह्या साधनांचा उपयोग कसा करावा हे समजून घ्यायचे असेल, तर आधी चळवळीने तो कसा केला हे पाहणे योग्य ठरेल.

२

मराठीत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. हा शब्द बौद्ध परंपरेतही मानाचा आहे. पालीत तो ‘बहुस्सुत’ असा येतो. ग्रंथ लिहून ठेवण्याची सोय नव्हती तेव्हा ज्ञान कानावाटेच येत असे. त्यामुळे कोणी ऐकायचे आणि कोणी ऐकायचे नाही, हे ठरवणारा माणूसच ज्ञानाचा मालक होत असे. गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली, ती ह्याच मालकीच्या रक्षणासाठी. अक्षर नाकारण्यापूर्वी ऐकणे नाकारले गेले. आज एखादा दलित शिक्षक सभागृहात पहिल्या रांगेत बसून व्याख्यान ऐकतो, तेव्हा त्या ऐकण्यामागे हा इतिहास आहे, हे त्याने विसरू नये.

बुद्धाच्या धम्माने ही मालकी मोडली. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीच्या डोंगरांत सुमारे २०० लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे तीनएकशे वर्षे ती खोदली गेली. पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी राहत, आणि तो काळ पठणाचा व धर्मोपदेशाचा असे. जुन्नरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. हाताने काम करणारा माणूस ज्ञानाच्या जागेचा पोशिंदा होता आणि दगडात त्याचा उल्लेख सन्मानाने कोरला गेला. हा वारसा आपल्या तालुक्यांच्या शिवारात उभा आहे.

धम्मपरंपरेने प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऐकून येणारी ती श्रुतमयी, स्वतः विचार करून येणारी ती चिंतामयी, आणि प्रत्यक्ष अभ्यासाने, आचरणाने अंगी मुरलेली ती भावनामयी. येथे भावना म्हणजे मनाचा उमाळा नव्हे; भावना म्हणजे जोपासना, सातत्याचा सराव. शिक्षकाच्या शिकण्याला ही विभागणी अचूक लागू पडते. वाचनसुद्धा एक प्रकारचे श्रवणच आहे, कारण तेही दुसऱ्याचे ज्ञान आहे. बहुतेक शिक्षक पहिल्या पायरीवर थांबतात. व्याख्यान आवडले, पुस्तक छान होते, एवढे म्हणून ते मोकळे होतात. ज्ञान अजून वक्त्याचेच असते. शिक्षकाचे झालेले नसते.

३

पहिल्या पायरीवरून पुढे कसे जायचे, याचा एक धडा जुन्नर तालुक्यानेच पाहिलेला आहे. जोतीराव फुले १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. पुस्तक पुरे करून मग ते लोकांपुढे ठेवावे, असे त्यांनी केले नाही. जसजसा मजकूर तयार होत गेला, तसतसा तो त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी पुस्तक लिहिले, त्यांच्यासमोरच ते वाचले गेले. त्यांतल्या बहुसंख्य श्रोत्यांना स्वतः वाचता येत नव्हते.

लोणीहून निघून घोड, मीना आणि कुकडी ओलांडली की ओतूर येते. ह्या गावाने सत्यशोधक विचार ऐकून सोडून दिला नाही. पुढे जुन्नर तालुक्यात भटजीवाचून लग्ने लागली आणि दक्षिणेच्या हक्कासाठी ग्रामजोशी कोर्टात गेले. ऐकलेल्या विचाराचे आचरणात रूपांतर झाले, तेव्हाच प्रस्थापितांना त्याची दखल घ्यावी लागली. नुसत्या व्याख्यानाने कोणाचे काही बिघडले नव्हते.

शिक्षकाने येथून घ्यायचे ते हे : पुस्तकाची परीक्षा श्रोत्यांपुढे होते. जोतीरावांना शेतकऱ्यांसमोर वाचताना आपले कोणते वाक्य पोचते आणि कोणते डोक्यावरून जाते, हे त्याच क्षणी कळत असणार. शिक्षकाच्या समोर तर असे श्रोते रोज सहा तास बसलेले असतात. नवे काही वाचले असेल, तर ते खरे किती आणि पोकळ किती, हे चौथीचा वर्ग दहा मिनिटांत सांगतो.

जोतीरावांनी शिक्षकाविषयी थेट विचारही मांडला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न मध्यवर्ती आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून घेतलेले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांनी सांगितले. गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती घेण्यात ज्यांना कमीपणा वाटणार नाही, असे शिक्षक त्यांना हवे होते. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात तो १५ ते २० रुपये असावा, हेही त्यांनी आकड्यानिशी मांडले. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षेतल्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत मागासलेल्या वर्गांच्या शाळांना योग्य नाही, हा इशाराही त्यांनी दिला.

या निवेदनात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षकाची गुणवत्ता आणि शिक्षकाचा पगार या दोन गोष्टी जोतीरावांनी वेगळ्या केल्या नाहीत. आज शिक्षकाला सतत शिकण्याचा उपदेश करणारे शासन २००० सालापासून त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षांत शिक्षणसेवक म्हणून मानधनावर ठेवते, जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला पाठवते, पोषण आहाराच्या नोंदी करायला लावते. उसंत नसलेल्या माणसाकडून चिंतनाची अपेक्षा करणे ढोंगीपणाचे आहे. तेव्हा शिक्षकाच्या शिकण्याची मागणी करताना त्याच्या वेळेची आणि वेतनाची मागणीही आपण केली पाहिजे. परंतु उसंत मिळेपर्यंत शिकायचेच नाही, असेही म्हणता येणार नाही. कारण वर्गातले मूल तोवर थांबत नाही.

४

शिक्षक कसा घडतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे आहे. त्यांचे नाव आपण वर्षातून एकदा, ३ जानेवारीला, हार घालून घेतो. पण त्या शिक्षिका कशा झाल्या, हे फारसे सांगत नाही. त्यांचे पहिले शिक्षण घरी जोतीरावांकडून झाले. पुढचे शिक्षण सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या स्नेह्यांनी दिले. म्हणजे शिकवायला लागण्यासाठी त्या आधी शिकल्या आणि शिकवू लागल्यानंतरही शिकत राहिल्या. स्वतः जोतीराव अहमदनगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आले आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. दुसऱ्याचा वर्ग डोळ्यांनी पाहणे, हे व्याख्यानापेक्षा आणि पुस्तकापेक्षाही कधीकधी अधिक उपयोगाचे असते, हे यावरून ध्यानात येईल.

आणि त्या शिकण्याचे माप कोणते? फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाई ह्या मांग समाजातील मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सवाल ह्या मुलीने धर्माच्या ठेकेदारांना केला. ज्या शिक्षणातून तीन वर्षांत विद्यार्थिनीला स्वतःचा प्रश्न सापडतो, ते शिक्षण खरे. शिक्षकाने किती व्याख्याने ऐकली, किती प्रमाणपत्रे मिळवली, ह्याची यादी दप्तरात राहते. त्याने काय शिकले, हे त्याच्या विद्यार्थ्याच्या लेखणीतून आणि तोंडून बाहेर येते. हे माप कठोर आहे, पण दुसरे कोणतेही माप खरे नाही.

५

बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथप्रेमाच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. त्या कथांत त्यांनी किती वाचले हे येते. कसे वाचले हे येत नाही. शिक्षकाला दुसऱ्या गोष्टीची गरज आहे.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळूसकर वाचणारे आणि लिहिणारे शिक्षक होते. वाचत नसलेला शिक्षक त्या मुलाला काय देऊ शकला असता? फार तर शाबासकी. एका शिक्षकाच्या अभ्यासातून आलेले एक पुस्तक योग्य वेळी योग्य विद्यार्थ्याच्या हाती पडले आणि १९५६ च्या धम्मक्रांतीच्या मुळांपैकी एक मूळ तेथे रुजले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात ह्या भेटीची आठवण नोंदवली आहे.

१९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिनिर्मूलनावरच्या भाषणात ते ड्यूईंचा आपले गुरू म्हणून उल्लेख करतात आणि त्यांचा विचार हिंदू समाजाला लावून दाखवतात. ड्यूईंनी जातीविषयी व्याख्यान दिले नव्हते. अमेरिकेतील शाळा आणि लोकशाही यांविषयी ते बोलत होते. ऐकलेला विचार आपल्या भूमीत आणून, आपल्या प्रश्नावर घासून पाहणे, ही चिंतामयी प्रज्ञा होय. नुसते अवतरण देणारे पुष्कळ असतात. लावून पाहणारे थोडे.

ह्याच भाषणाची दुसरी बाजूही बोधप्रद आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर पाहिल्यावर काही भाग गाळायला सांगितला, बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग त्यांनी स्वखर्चाने त्याच्या १,५०० प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. ज्या भाषणाला व्यासपीठ नाकारले, ते पुस्तक होऊन अधिक दूर गेले. व्याख्यान सभागृहापुरते असते आणि सभागृहाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. पुस्तक तसे अडवता येत नाही. म्हणून शिक्षकाने व्याख्यानावर विसंबून राहू नये. वक्त्याने ज्या पुस्तकाचा आधार घेतला ते मिळवून वाचावे.

तिसरे उदाहरण सर्वांत व्यावहारिक आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातले आकडे पुढे ठेवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत परततात, असे त्यांनी दाखवून दिले. हा अहवाल अनेकांच्या हाती होता. त्यातली ८२ मुले बाबासाहेबांनाच दिसली. वाचन म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ शिक्षकाला मिळणार नाही. आकड्यांमागे मूल पाहणे, हे ते वाचन.

प्रत्येक शिक्षकाच्या कपाटात असा एक ग्रंथ पडलेला असतो. त्याचे नाव दाखलखारीज रजिस्टर. पहिलीत नाव घातलेली मुले कोणती, दहावीला कोण पोचले, मध्ये कोण गळाले, ते कोणत्या वस्तीतले, मुलगी की मुलगा, कोणत्या महिन्यात येईनासे झाले, हे सर्व त्यात आहे. ऊसतोडीच्या हंगामात, वीटभट्टीच्या हंगामात, कांदा काढणीच्या दिवसांत हजेरीपट काय बोलतो, हे शिक्षकाने एखाद्या कादंबरीइतक्या मन लावून वाचावे. त्यानंतर शिक्षणावरचे कोणतेही पुस्तक हाती घेतले, तरी त्याला कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक असेल.

६

आता हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते क्रमाने पाहू.

व्याख्यानाला जाताना आपल्या वर्गातला एक प्रश्न बरोबर न्यावा. प्रश्न मोठा नको. “शिक्षणाची गुणवत्ता कशी वाढेल?” असला प्रश्न नेणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. “पाचवीतल्या सात मुलांना शेकडेवारी का येत नाही?” असा प्रश्न नेणारा काहीतरी घेऊन येतो. वक्ता त्या प्रश्नावर बोलला नाही, तरी ऐकणाऱ्याचे मन त्या दिशेने काम करीत राहते.

ऐकताना सर्व काही उतरवून घेऊ नये. घरी आल्यावर, त्याच रात्री, तीन गोष्टी लिहाव्यात : वक्त्याने काय सांगितले, मला त्यातले काय पटले नाही, आणि आठ दिवसांच्या आत मी वर्गात काय करून पाहणार आहे. दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. आपल्याकडे जयंतीच्या व्यासपीठावरून बोललेले सारे टाळ्या वाजवून स्वीकारण्याची सवय झाली आहे. ज्या बुद्धाने कालामांना केवळ ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका असे सांगितले, त्याच्या अनुयायांना ही सवय शोभत नाही.

मग करून पाहावे. एक उदाहरण घेऊ. मुलाच्या परिसरातून गणित शिकवावे, असे शिक्षकाने कुठेतरी ऐकले किंवा वाचले. पाठ्यपुस्तकात सफरचंदांची आणि बँकेच्या व्याजाची उदाहरणे आहेत. लोणीच्या परिसरातले मूल मंचरच्या मार्केटला कांदा जाताना पाहते. कांद्याचा भाव तिथे दहा किलोंवर बोलला जातो. समजा, ५० किलोंच्या ४० पिशव्या गेल्या आणि दहा किलोंना १२० रुपये भाव मिळाला. एकूण २,००० किलो, म्हणजे दहा किलोंचे २०० वाटे, म्हणजे २४,००० रुपये. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हाती किती आले, हे पट्टीवर असते. खरी पट्टी वर्गात आणली तर शेकडेवारी शिकवायला वेगळे साधन लागत नाही.

पण येथेच शिक्षकाच्या चिंतनाची कसोटी लागते. पट्टी ज्याच्या नावावर असते, त्याच्याकडे जमीन असते. वर्गातल्या भूमिहीन घरच्या मुलीच्या आईचे नाव कोणत्याच पट्टीवर नसते. ती त्याच कांद्याच्या काढणीला मजुरीने जाते. ‘परिसर’ हा शब्द सर्वांना सारखा नसतो. शिक्षकाने पट्टीवरच थांबायचे ठरवले, तर त्या मुलीला कळते की गणितही जमीनवाल्यांचे आहे. म्हणून दुसरे उदाहरण हवे. समजा, काढणीचे काम ९,००० रुपयांना उक्ते घेतले, ९ बायकांनी ते ३ दिवसांत उरकले, तर एकीला एका दिवसाचे किती पडले? एकूण २७ रोज. एका रोजाचे ३३३ रुपये आणि काही पैसे. हाच रोज शासनाच्या किमान वेतनाशी ताडून पाहा. बायकांना आणि पुरुषांना रोज सारखा मिळतो का, हे घरी विचारून या. आता गणितात मूल्यविचार आला, आणि ज्या मुलीचे तोंड वर्षभर बंद होते, तिला वर्गात सर्वांपेक्षा अधिक माहिती आहे, असे दिसून येते. हे कोणत्याही प्रशिक्षणात तयार मिळत नाही. ऐकलेले तत्त्व आणि आपली सामाजिक जाणीव यांच्या भेटीतून ते जन्मते.

करून पाहिल्यावर काय घडले, ते चार ओळींत लिहून ठेवावे. फसले असेल तर तेही लिहावे. एका शिक्षकाची अशी वही दोन वर्षांची झाली की ती त्याचा स्वतःचा ग्रंथ होते.

पुस्तकांविषयी बोलायचे तर आपल्याजवळ शिक्षणशास्त्राचा एक मोठा साठा आहे आणि आपण त्याला शिक्षणशास्त्र म्हणून ओळखलेले नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके समीक्षकांनी साहित्य म्हणून वाचली, समाजशास्त्रज्ञांनी दस्तऐवज म्हणून वाचली. शिक्षकाने ती वर्गाच्या मागच्या बाकावरून लिहिलेली निवेदने म्हणून वाचावीत. शाळेत पाऊल टाकताना मुलाला काय वाटते, भूक लागलेल्या मुलाला फळ्यावरचे काय दिसते, शिक्षकाचा एक शब्द किती वर्षे सलतो आणि एक शब्द किती वर्षे पुरतो, हे परदेशी ग्रंथांपेक्षा ही पुस्तके नेमके सांगतात. पाउलो फ्रेरे यांचा दलितांच्या शिक्षणशास्त्रावरचा ग्रंथ १९७० साली इंग्रजीत आला. तो जरूर वाचावा. पण फ्रेरे ब्राझीलच्या शेतमजुरांविषयी बोलतात. त्यांच्या विवेचनात जात नाही. ती भर आपली आत्मकथने घालतात.

७

ऐकणे आणि वाचणे यांच्या जोडीला हाताचे काम घेतल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. जोतीरावांचा वाकस आणि रुमणा लोणीपासून जवळच, पाबळला, वेगळ्या रूपात दिसतो. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत संशोधन करून आलेला आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस कोरडवाहू गावात येऊन राहिला आणि शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, विजेचे काम, शेती, पशुपालन यांतून विज्ञान शिकवू लागला. काम करता करता शिकणे, हे त्याचे सूत्र. पुढे हा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांत गेला. परिसरातल्या शिक्षकाने असे ठिकाण पाहून येणे, हे कोणत्याही व्याख्यानाइतके मोलाचे आहे.

तथापि येथे आपल्याला सावध राहिले पाहिजे. हाताच्या कामाचे शिक्षण हे दुधारी शस्त्र आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरी आईबापांचा धंदा शिकावा. जातीचा धंदा शाळेच्या वेळापत्रकात आणण्याचाच हा प्रकार होता. प्रखर विरोध झाला आणि १९५४ साली कामराज सरकारने ती योजना मागे घेतली. कामातून शिक्षण देताना शिक्षकाने म्हणूनच एक कसोटी लावावी : हे काम मुलाला त्याच्या जन्माच्या कामाशी बांधते, की त्यातून बाहेर काढते? चांभाराच्या मुलाला चामडे आणि पाटलाच्या मुलाला संगणक, असे होत असेल तर ते शिक्षण नव्हे. सर्व मुलांनी सर्व कामे शिकली, पाटलाच्या मुलानेही झाडू हाती घेतला आणि मांगाच्या मुलीने विजेचे मीटर जोडले, तरच जोतीरावांना अभिप्रेत असलेला अर्थ साधेल. पाबळसारख्या प्रयोगाकडूनही ह्याच प्रश्नाचे उत्तर मागावे.

८

शेवटी एक मुद्दा राहतो. हे सारे एकट्याने करणे कठीण आहे. दोन शिक्षकी शाळेतला शिक्षक एकाकी असतो. त्याचे वाचलेले ऐकायला कोणी नसते, आणि ऐकवल्याशिवाय वाचलेले पक्के होत नाही. सत्यशोधकांनी, आणि पुढे ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांच्या वाचकांनी, एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे ही रीत पाडली. ती पुन्हा उचलता येईल. जवळपासच्या गावांतील पाच-सहा शिक्षकांनी महिन्यातून एका रविवारी एखाद्या विहारात किंवा शाळेच्या ओट्यावर बसावे. एकाने एका पुस्तकातील एक प्रकरण मांडावे. दुसऱ्याने महिन्याभरात वर्गात काय करून पाहिले, ते सांगावे. तिसऱ्याने त्यावर शंका काढावी. हारतुरे, सत्कार, प्रमुख पाहुणे यांना फाटा द्यावा. गावातले शिकलेले तरुण आणि शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आया येऊन बसल्या तर अधिक चांगले. आपल्या मुलाला शाळेत काय कळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

विहार आपण बांधले, ग्रंथालयांना नावे दिली, पुतळे उभारले. त्या विहारांत वाचन सुरू झाले पाहिजे आणि त्या वाचनाचा परिणाम सोमवारी सकाळी फळ्यासमोर दिसला पाहिजे. एकेकाळी ज्यांचे कान बंद केले गेले, त्यांच्या नातवंडांना शिकवणाऱ्या माणसाने ऐकणे आणि वाचणे सोडून देणे म्हणजे ते कान पुन्हा बंद करण्यासारखे आहे. शिक्षकाने दर आठवड्याला एक प्रकरण वाचावे आणि त्यातले एक तरी काम वर्गात करावे. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे.